क्लच गेलाय त्याचा!

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मी श्टुटगार्टजवळच्या एका गावातल्या गॅरेजमधून कोल्हापूरला मामांना व्हिडिओ कॉल लावला. समोर लाल ड्युकाटी ९१६ उभी होती. तिच्या मालकाने चावी फिरवली, बटण दाबलं. एक खोल धडधड सुरू झाली आणि तिच्यावर एक भलताच आवाज. खडखड, खडखड. पत्र्याच्या डब्यात नटबोल्ट टाकून कुणीतरी हलवतंय असा.

स्क्रीनवर मामांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "थांब, थांब. बंद कर ती. क्लच गेलाय त्याचा. प्लेटा वाजाय लागल्यात. सांग त्या माणसाला."

मी सांगितलं. मालक इतके हसले की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी मला आणि मी मामांना समजावलं: या गाडीचा क्लच कोरडा असतो. आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या गाड्यांचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे तो गप्प बसतो. हिचा बाहेर, हवेत, उघडाच. म्हणून न्यूट्रलला तो असाच वाजतो. नवी असतानाही वाजायचा.

मामा थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे कंपनीतूनच बिघडून येती म्हण की."

या एका वाक्यावर मी जवळपास वर्षभर विचार करतोय.

*

आधी माझ्याबद्दल. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, पुण्यात राहतो आणि गाड्यांच्या ईसीयूसाठी सॉफ्टवेअर लिहितो. ईसीयू म्हणजे इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी कधी टाकायची हे ठरवणारा छोटा कॉम्प्युटर. कंपनीने मला वर्षभरासाठी जर्मनीतल्या क्लायंटकडे पाठवलं होतं. तिथल्या टीममध्ये निवृत्तीला आलेले एक गृहस्थ होते. तिथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. मला ते काही जमेना, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना 'काका' म्हणायचो. गाडी त्यांची.

मामांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक बोअरिंग मशीन आणि दोन पोरं. ब्लॉकला बोअर मारणं, क्रँक बसवणं ही रोजची कामं. माझ्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या तिथे ग्रीस पुसण्यात गेल्या. इंजिनिअरिंगची डिग्री मी नंतर घेतली, इंजिन मात्र मी तिथे पाहिलं.

ड्युकाटी पहिल्यांदा पाहिली ती टीव्हीवर. 'मॅट्रिक्स रीलोडेड' हिंदीत डब करून लागायचा. त्यात ट्रिनिटी समोरून अंगावर येणाऱ्या ट्रॅफिकमधून उलटी बाइक पळवते. ती ड्युकाटी ९९६, म्हणजे ९१६ चीच पुढची आवृत्ती. त्या वयात मला गाडीचं नाव माहीत नव्हतं. दोन बारके डोळे, चेपलेलं नाक आणि सीटखालून बाहेर आलेल्या दोन नळ्या एवढं लक्षात राहिलं. काकांच्या गॅरेजचं शटर वर गेलं तेव्हा मला आधी त्या नळ्याच दिसल्या.

*

९१६ लोकांसमोर आली १९९३ च्या अखेरीस आणि विक्रीला १९९४ मध्ये. तिची रचना मास्सिमो तांबुरिनी यांची. त्यांच्याबद्दल वाचताना मला सारखं उद्यमनगर आठवत होतं. तांबुरिनी रिमिनीचे. रिमिनी हे समुद्रकाठचं शहर. विद्यापीठात जाऊन डिग्री घेणं त्यांना जमलं नाही. भागीदारीत त्यांचा धंदा होता तो इमारतींमधल्या हीटिंगच्या पाइपांचा. बियांकी, मोर्री आणि तांबुरिनी या तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून कंपनीचं नाव ठेवलं 'बिमोटा'. १९७२ मध्ये मिसानोच्या ट्रॅकवर तांबुरिनी आपल्या होंडा ७५० वरून पडले आणि त्यांच्या बरगड्या मोडल्या. होंडाचं इंजिन उत्तम होतं, पण ते पेलणारी चेसिस तेवढी चांगली नाही असं त्यांचं मत होतं. मग पाइप वाकवायची आणि जोडायची सवय असलेल्या या माणसाने त्या इंजिनासाठी स्वतःची चेसिस बनवली. ती बिमोटाची पहिली मोटरसायकल, एचबी १. अशा अगदी मोजक्याच बनल्या. पाइपांचा धंदा मागे पडला आणि बिमोटा मोटरसायकलची कंपनी झाली.

आमच्याकडे कुणी बाइकवरून पडून बरगडी मोडली तर घरचे बाइक विकायला लावतात.

पुढे तांबुरिनी काजिवा या कंपनीत गेले. काजिवाने १९८५ मध्ये ड्युकाटी विकत घेतली होती. सान मारिनो या चिमुकल्या देशात त्यांचं संशोधन केंद्र होतं आणि ९१६ तिथे घडली. तिच्यातल्या सगळ्याच कल्पना तिच्या स्वतःच्या नव्हेत. सीटखालचे सायलेन्सर होंडाच्या एनआर ७५० वर आधी आले होते. एकाच बाजूने धरलेलं मागचं चाकही नवं नव्हतं. लांब पल्ल्याच्या शर्यतींमध्ये चाक पटकन बदलता यावं म्हणून ती युक्ती निघाली होती. पण ९१६ मध्ये या गोष्टी एकत्र आल्या तेव्हा त्यातला एकही भाग नुसता सजावटीचा वाटेना. सायलेन्सर वर गेल्यामुळे बाजूला जागा झाली, गाडी अरुंद झाली आणि वळणावर जास्त झुकू लागली. मागचं चाक एका बाजूने पूर्ण उघडं दिसतं ते शर्यतीतल्या गरजेमुळे, पण लोक त्यावरून आजही फोटो ओळखतात. कार्ल फोगार्टीने या घराण्याच्या गाड्यांवर १९९४, १९९५, १९९८ आणि १९९९ अशी चार वर्षं वर्ल्ड सुपरबाइक अजिंक्यपद मिळवलं. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने मोटरसायकलींचं प्रदर्शन भरवलं, त्यातही ती होती.

आता दुसरी बाजू. ही गाडी माणसाला अजिबात सोयीची नाही. हँडल इतकं खाली की सगळा भार मनगटांवर. आरशात स्वतःची कोपरं दिसतात. सिग्नलला थांबलं की सीटखालच्या नळ्या बुड भाजतात. दर दोन वर्षांनी टायमिंग बेल्ट बदलावे लागतात, गाडी चालवा नाहीतर उभी ठेवा. रबर आपलं वय विसरत नाही.

आणि व्हॉल्व्ह. हे थोडं उलगडून सांगतो, कारण ड्युकाटीचा जीव तिथे आहे. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडतो कॅम आणि बंद करते स्प्रिंग. इंजिन फार जोरात फिरायला लागलं की जुन्या काळच्या स्प्रिंगा मागे पडायच्या, व्हॉल्व्ह वेळेवर बंद व्हायचा नाही आणि पिस्टनला धडकायचा. ड्युकाटीचे अभियंते फाबिओ तालिओनी यांनी १९५६ मध्ये १२५ सीसीच्या एका रेसिंग गाडीत व्हॉल्व्ह बंद करायचं काम स्प्रिंगवर ठेवलंच नाही. उघडायला एक रॉकर आणि ओढून बंद करायला दुसरा. याला डेस्मोड्रॉमिक म्हणतात. कल्पना त्याआधीची, मर्सिडीजनेही १९५४ च्या रेसिंग कारमध्ये वापरली होती. पण बाकीच्यांनी ती सोडून दिली आणि ड्युकाटीने धरून ठेवली. मामांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दार ढकलाय एक माणूस आणि ओढाय एक. पगार दोघांचा." अगदी बरोबर. प्रत्येक व्हॉल्व्हची फट दोन ठिकाणी मोजायची आणि दोन ठिकाणी जुळवायची. आज स्प्रिंगा इतक्या चांगल्या झाल्या आहेत की रस्त्यावरच्या गाडीला डेस्मोची गरज उरलेली नाही. खुद्द ड्युकाटीने मल्टीस्ट्राडा व्ही४ च्या इंजिनात साध्या स्प्रिंगा टाकल्या.

म्हणजे वाजणारा क्लच, मनगट दुखवणारं हँडल आणि दुप्पट पगाराचे व्हॉल्व्ह. तरी लोक या गाडीपुढे उभे राहून गप्प होतात. का?

*

पहिलं सोपं उत्तर म्हणजे दुर्मीळपणा. आपल्याकडे हे समजायला ड्युकाटी लागत नाही, आरएक्स १०० पुरते. १९९६ मध्ये ती बनायची थांबली. मामांच्या लहानपणी दूधवाल्याकडे, पोस्टमनकडे, सगळ्यांकडे होती. आता चांगल्या अवस्थेतली मिळाली तर लोक लाख-दीड लाख मोजतात.

पण इटालियन गाड्यांच्या दुर्मीळपणाचे तीन प्रकार आहेत आणि त्यांच्यात फार फरक आहे, हे मला हळूहळू कळलं.

पहिला प्रकार, थोड्याच बनल्या कारण त्या मुळात शर्यतीसाठी होत्या. १९७२ च्या एप्रिलमध्ये इमोलाला २०० मैलांची शर्यत झाली. मोठमोठ्या कंपन्या उतरल्या होत्या आणि ड्युकाटीच्या ७५० वर पॉल स्मार्ट पहिला, ब्रुनो स्पाज्जारी दुसरा आला. ड्युकाटी तोवर लहान गाड्यांची कंपनी म्हणून ओळखली जायची. त्या विजयानंतर तशीच गाडी लोकांसाठी काढली ती १९७४ ची ७५० सुपर स्पोर्ट, हिरवट चेसिसची. फक्त ४०१ बनल्या. आज लिलावात काही एक लाख डॉलरच्या वर गेल्या आहेत. कुणी ठरवून तिला दुर्मीळ केलं नव्हतं. तेवढ्याच बनवता आल्या.

दुसरा प्रकार, ठरवून दुर्मीळ केलेल्या. १ जानेवारी २००० रोजी ड्युकाटीने एमएच९००ई नावाची गाडी फक्त इंटरनेटवर विकायला काढली. किंमत १५,००० युरो, तीही युरोच्या नोटा खिशात यायच्या दोन वर्षं आधी. एकूण २००० बनणार होत्या आणि पहिली खेप ३१ मिनिटांत संपली. आज बूट आणि फोन 'ड्रॉप' होतात, सेकंदात संपतात, त्याची ही आजी म्हणायची. गाडी सुंदर आहे. पण तिच्या नंबरप्लेटीपेक्षा अनुक्रमांकाला जास्त भाव आहे असं मला वाटत राहतं. एमव्ही अगुस्टाची एफ४ सेरिए ओरो हीदेखील तांबुरिनींचीच. ३०० बनल्या, मॅग्नेशियमचे भाग सोनेरी रंगवलेले. ती कुठल्या प्रकारात टाकायची यावर काका आणि मी दोन जेवणं वाद घातला.

तिसरा प्रकार मला सगळ्यात जवळचा. अपयशामुळे दुर्मीळ झालेल्या.

१९९७ मध्ये बिमोटाने, तांबुरिनींनी कधीच सोडलेल्या त्याच बिमोटाने, व्ही ड्यूए नावाची गाडी आणली. ५०० सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर. टू-स्ट्रोक म्हणजे आरएक्सचं इंजिन: हलकं, चपळ, पण धूर सोडणारं, कारण थोडं ताजं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतं. बिमोटाने ठरवलं की कार्ब्युरेटर काढून पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारायचं, आणि तेही बरोबर क्षणी. म्हणजे टू-स्ट्रोकची चपळाई राहील आणि धूर जाईल. कल्पना अफाट होती. छोट्या कंपनीने आपलं पहिलं स्वतःचं इंजिन करायला घेतलं आणि त्यात जगात फारसं कुणाला न जमलेलं तंत्र घातलं.

ते चाललं नाही. थ्रॉटल दिला की कधी ताकद यायची, कधी गायब व्हायची, आणि वळणावर मधेच परत यायची. गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढे बिमोटातल्याच एका माजी अभियंत्याने उरलेला माल आणि हक्क घेऊन त्याच गाडीला कार्ब्युरेटर बसवले, आणि मग ती चालायला लागली. आज संग्राहक दोन्ही शोधतात, आणि बिघडणारी मूळ गाडीही त्यांना हवी असते.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण कुठल्या वेगाला, किती थ्रॉटलला, किती पेट्रोल, हे टेबल भरणं हेच माझं काम. त्या गाडीत बुडाली ती माझ्या धंद्यातली माणसं.

*

आदल्या वर्षी माझ्याकडून एक चूक झाली होती. एका टेबलात एकक चुकलं. सकाळच्या थंडीत चाचणीच्या गाड्या सुरू होऊन लगेच बंद पडायला लागल्या. दोन दिवस मी घरी गेलो नाही. चूक सापडली, नवं सॉफ्टवेअर गेलं, एक मीटिंग झाली आणि विषय संपला. दंड नाही, अपमान नाही. चूक अशी पुसली गेली की आता मी शोधायला गेलो तरी एक नोंद सोडून काही मिळणार नाही.

बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच सुमारास तीन वर्षांपूर्वी मी लिहिलेलं एक फंक्शन नव्या रचनेत वगळलं गेलं. ते मी फार मन लावून लिहिलं होतं, चार महिने लागले होते. तेही तितक्याच शांतपणे पुसलं गेलं. माझ्या चुकीचं आणि माझ्या चांगल्या कामाचं आयुष्य सारखंच निघालं.

काकांच्या ९१६ चा ईसीयू मी उघडून पाहिला. आत एक चिप, खाचेत बसवलेली. नवा प्रोग्रॅम हवा असेल तर ती हाताने उपटायची आणि दुसरी खोचायची. कुणीतरी तीस वर्षांपूर्वी भरलेलं टेबल अजून तिथेच होतं, रोज सकाळी तेच पेट्रोल मोजून देत होतं. मला त्या अनोळखी माणसाचा हेवा वाटला.

आपल्याला या गाड्या का ओढतात याचं माझं उत्तर इथून सुरू होतं. माझ्या कामात कुठलाही निर्णय नऊ माणसांच्या मंजुरीशिवाय पुढे जात नाही आणि ते बरोबरच आहे. ब्रेकचं सॉफ्टवेअर एका माणसाच्या हट्टावर चालू नये. पण त्यामुळे त्यात कुणाचाच हात दिसत नाही. ९१६ मध्ये दिसतो. आरशात कोपरं दिसतील हे तांबुरिनींना कळलं नसेल असं नाही. त्यांनी काहीतरी निवडलं आणि त्याची किंमत चालवणाऱ्याच्या मनगटावर टाकली. मामांचं वाक्य मी असं समजतो: ती कंपनीतून 'बिघडून' येते, म्हणजे कुणीतरी तिला सगळ्यांच्या सोयीची करायला नकार दिलेला असतो.

याचा पुरावा ड्युकाटीनेच दिला. २००३ मध्ये ९१६ घराण्याच्या जागी ९९९ आली, पिएर तेरब्लांश यांनी रेखाटलेली. ती चालवायला सोयीची होती, जास्त विचार करून बनवली होती आणि तिने अजिंक्यपदंही जिंकली. लोकांनी तिला नाकं मुरडली. २००७ मध्ये १०९८ आली ती पुन्हा ९१६ सारखी दिसणारी, मागचं चाक पुन्हा एका बाजूने धरलेलं. मला ९९९ बद्दल वाईट वाटतं. ती वर्गातली अभ्यासू मुलगी होती.

*

मे महिन्यात काकांनी मला गाडी चालवायला दिली. भारतीय लायसन्स तिथे पहिले सहा महिनेच चालतं, माझे थोडे दिवस उरले होते. श्वेबिशे आल्ब नावाचा डोंगराळ भाग जवळ आहे. गावातून बाहेर पडेपर्यंतच्या दहा मिनिटांत मी मनातल्या मनात गाडी तीनदा परत केली. क्लच जड, मनगटं सुन्न, मांड्या तापलेल्या. मग घाट लागला. कसं सांगू? गाडी वळणात झुकली आणि तिथेच थांबली, जणू रुळावर ठेवली आहे. मी काहीच करत नव्हतो. ती जी कुरकुर करत होती ती बहुधा एवढ्यासाठीच की मी तिला चुकीच्या जागी चालवत होतो. चाळीस किलोमीटर. परत आलो तेव्हा हात थरथरत होते आणि मी वेड्यासारखा हसत होतो.

काका म्हणाले, "माझी पाठ आता साथ देत नाही. विकायची आहे. तुला घ्यायची?"

नऊ हजार युरो. बाजारात जास्त मिळाले असते. एक संग्राहक विचारत होता. त्याच्याकडे वातानुकूलित हॉल होता आणि त्यात गाड्या ओळीने उभ्या. काकांना त्याला द्यायची नव्हती. त्यांची अट एकच, गाडी चालली पाहिजे.

माझ्याकडे पैसे होते. पुनावळेत पाहून ठेवलेल्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटचे. मी एक्सेल उघडलं, कारण मला दुसरं काही येत नाही. एका रकान्यात फ्लॅट, एका रकान्यात गाडी. वापरलेली, इतकी जुनी गाडी भारतात आणून रजिस्टर करणं आयातीच्या नियमांत बसत नाही. मी परत आलो की ती तिथेच कुणाच्या तरी गॅरेजमध्ये राहणार. वर्षातून एकदा मी जाणार, तेही रजा आणि तिकीट जमलं तर. पुढे चालवायला जर्मन लायसन्स काढायचं, त्याचा खर्च वेगळा. एक रकाना असाही होता ज्याची मला लाज वाटते: 'दहा वर्षांनी किंमत'. तिथे आकडा चांगला दिसत होता.

मामांना फोन केला. मला वाटलं ते ओरडतील. ते म्हणाले, "घ्यायची तर घे की. पण उघडणार कोण ती?"

"म्हणजे?"

"म्हंजे बिघडली तर तू कुठं, ती कुठं? जी गाडी आपल्याला उघडाय येत नाही ती आपली कसली रं? बँकेतल्या पैशागत हाय ती. हाय म्हणायचं."

एक्सेलने जे सांगितलं नाही ते या वाक्याने सांगितलं. मी गाडी घेतली असती तर त्या हॉलवाल्या संग्राहकापेक्षा वेगळं काय केलं असतं? त्याचा हॉल तरी वातानुकूलित होता.

मी काकांना नाही म्हटलं. हे शहाणपण होतं की भित्रेपणा, याचा निकाल अजून लागलेला नाही. रात्री कधी वाटतं, फ्लॅट काय, सगळ्यांचेच असतात.

*

काका म्हणाले, ठीक आहे, पण विकण्याआधी बेल्ट बदलायचे आहेत, मदतीला ये.

दोन शनिवार लागले. फेअरिंग उतरवलं, झाकणं काढली. बेल्ट दोन, प्रत्येक सिलिंडरला एक. नवा बेल्ट बसवला की तो किती ताणायचा हा प्रश्न. सैल राहिला तर दात सुटतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतो. जास्त ताणला तर बेअरिंग जातं. कंपनीकडे त्यासाठी उपकरण असतं. काकांनी माझा फोन मागितला. गिटार जुळवायचं ॲप टाकायला लावलं, फोनचा माइक बेल्टजवळ धरला आणि बोटाने बेल्ट छेडला. टुंग. स्क्रीनवर आकडा आला. घरी काम करणारे बरेच जण या इंजिनासाठी ११० हर्ट्झच्या आसपास धरतात. गिटारची ए ची तार तेवढ्यालाच वाजते. आम्ही थोडं ताणलं, पुन्हा छेडलं. ९४. १०३. ११६, जास्त झाला. १०९. काकांनी डोळे मिटून एकदा ऐकलं आणि मान हलवली.

रोज मी इंजिनासाठी आकडे लिहितो. पहिल्यांदाच एक आकडा मी बोटाने लावला.

बोलोन्याला मी एकटाच जाऊन आलो, परतायच्या आधी. बोर्गो पानिगालेला ड्युकाटीची फॅक्टरी आणि म्युझियम एकाच आवारात आहेत. ही कंपनी १९२६ मध्ये रेडिओचे भाग बनवायला निघाली होती. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात कारखाना उद्ध्वस्त झाला. नंतर त्यांनी सायकलला लावायचं एक बारकं इंजिन बनवायला घेतलं, कुच्चोलो, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. तिथे ते ठेवलं आहे. आणि पुढे ९१६ आहे, चकचकीत, उजेडात. मी तिच्यापुढे बराच वेळ उभा राहिलो. सुंदर होती. पण गप्प होती. मला काकांचीच आठवण आली.

काकांची गाडी एका तरुण नर्सने घेतली, रात्रपाळी करणाऱ्या. ती स्वतः बेल्ट बदलते. काकांनी तिला हजार युरो कमी सांगितले, मला सांगितले होते त्याहून कमी. मी तक्रार केली तर म्हणाले, "तिने एक्सेल उघडलं नाही."

तिला गाडी देण्याच्या दिवशी मी पुन्हा मामांना व्हिडिओ कॉल लावला. तिने हेल्मेट घातलं, बटण दाबलं. धडधड, आणि वर ती खडखड. मामांनी कान पुढे केला.

"नवीन बेल्ट घातल्यात न्हवं?"

"हो."

"क्लच अजून तसाच वाजतोय."

"तसाच वाजणार, मामा."

"वाजू दे मग," मामा म्हणाले, आणि मागे वळून पोराला लेथ बंद करायला सांगितली, नीट ऐकू यावं म्हणून.